बारा खिळे, बारा बिल्ले

वहिनींना सुट्टी मानवत नाही. समुद्रकाठच्या लॉजवर येऊन दीड दिवस होतो न होतो, तोवर त्यांनी मॅनेजरचा हरवलेला चष्मा, शेजारच्या खोलीतल्या नवऱ्याचं चोरून सिगारेट ओढणं आणि जिन्यातल्या मांजराचा खरा मालक असे तीन छडे लावून टाकले होते. चौथं काही मिळेना, तेव्हा त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागल्या.

त्यांचा धंदा खाजगी चौकशीचा. मदतनीस म्हणून धाकटे दीर बरोबर असतात आणि ते अशिलांसमोरही त्यांना वहिनीच म्हणतात, त्यामुळे अशीलही तेच म्हणू लागतात. भाऊजी डोक्याने जरा सावकाश, पण पायाने पक्के.

त्या दुपारी तीनच्या बोटीने दोघं बेटावर जाणार होते. सहलीचे बिल्ले सकाळीच मिळाले होते. तळहाताएवढी लाकडी चकती, एका बाजूला पांढरा नंबर, गळ्यात घालायला जाड सुती दोरी. पण साडेबाराला वारा उठला, धक्क्यावर लाल बावटा चढला आणि तीनची फेरी रद्द झाली. सव्वादोनला दोघं बिल्ले परत करायला सहलीच्या ऑफिसात गेले.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. ओल्या लाइफ जॅकेटांचा वास, काउंटर, समुद्राकडे उघडणारी खिडकी आणि भिंतीवर बारा-बारा खिळ्यांच्या दोन फळ्या. काउंटरमागे बोटीचा तांडेल उभा होता. वीस वर्षं तोच बोट चालवत होता आणि ते त्याच्या गालांवर लिहिलेलं होतं.

त्याने भाऊजींचे दोन्ही बिल्ले घेतले आणि न बघताच दुसऱ्या फळीवर अडकवले.

"अहो, उलटे लावलेत," भाऊजी म्हणाले. "नंबर भिंतीकडे गेले."

"सुलटेच आहेत. उन्हाने रंग उडतो. मालकांनी दोनदा झापलं, तेव्हापासून आम्हा सगळ्यांच्या हाताला सवयच लागलीय."

तेवढ्यात दार ढकलून एक काकू आत आल्या. साठी ओलांडलेल्या, पदर खोचलेला, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात भलतीच सपाता. त्यांच्या मागे पस्तिशीचा एक माणूस, खांदे पाडून.

"अजून नाही आले हो हे!" काकू तांडेलाला म्हणाल्या. "सगळा बाजार पालथा घातला. कुठे आहेत ते, सांगा मला."

"काकू, तासाभरापूर्वी तुम्हाला सांगितलं ना. ते बोटीतून परत आलेत."

"मग गेले कुठे? आकाशात?"

वहिनींनी पर्स काउंटरवर ठेवली. भाऊजींना ती खूण माहीत होती. आता सुट्टी संपली.

"काकू, बसा आधी," वहिनी म्हणाल्या. "मी चौकशीचंच काम करते. फीबी काही नको. कोण हरवलंय?"

हरवले होते काकूंचे यजमान, निवृत्त हेडमास्तर. मोबाइल लॉजवरच ठेवून, सकाळी आठच्या बोटीने, मागे उभ्या असलेल्या या जावयाबरोबर बेटावर गेले. काकूंना बोट लागते आणि मुलगी लहान बाळाला घेऊन लॉजवर, म्हणून सासरे-जावई दोघंच. अकराला बोट बेटावरून सुटली, बाराला धक्क्याला लागली. जावई एकटाच लॉजवर आला. म्हणाला, बाबा पुढे आले की!

"मी पोलीस चौकीत गेले होते," काकू म्हणाल्या. "ते म्हणतात, बोटीतून उतरलाय ना माणूस, मग येईल फिरून. बचाव बोट दीड तास लांबच्या बंदरात असते. नुसत्या संशयावर ती हलवत नाहीत म्हणे."

"आणि ते बेटावरच राहिले असतील तर?"

तांडेलाने खिडकीबाहेर पाहिलं. "तर वाईट. पावणेपाचला भरती पूर्ण. अशा वाऱ्यात बेटाचे खालचे खडक लाटांखाली जातात. वर चढलं तर माणूस वाचतो."

"ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," काकू हळूच म्हणाल्या. "सपाटीला चालतात. चढवत नाही."

खिडकीचं दार वाऱ्याने आपटलं तसे भाऊजी दचकले.

"मग बोट काढा!" ते म्हणाले.

"लाल बावट्यात बोट काढली की परवाना गेला. त्याचंही सोडा. त्या पाण्यात बोट उलटली तर आणखी चार जीव जातील. माणूस तिथे आहे असं कोणी छातीठोक सांगा, मी निघतो. पण तो तिथे नाही हो! ही फळी बघा."

त्याने पहिल्या फळीकडे बोट दाखवलं. बारा खिळे आणि बाराही खिळ्यांवर बिल्ले.

"ही फळी बोटीत असते. बेटाजवळ ओहोटीला पाणी उथळ, बोट काठाला जात नाही. लोक छातीभर पाण्यातून चालत जातात आणि तसेच परत येतात. बोटीत चढला की ज्याने त्याने आपला बिल्ला आपल्या नंबरच्या खिळ्यावर लावायचा. बोटीत प्रवाशाच्या बिल्ल्याला आमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही, हा नियम. फळी भरली की बोट सुटते. वीस वर्षांत फळी खोटं बोलली नाही."

"तुम्ही स्वतः पाहिली?"

"मोजली. बारा खिळे, बारा बिल्ले. मी इंजिनापाशी होतो. दोन तास बोट सोडून हललो नाही, नांगर घसरत होता."

"तोंडं मोजलीत?"

"फळी असताना तोंडं कशाला मोजायची?" तांडेल म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

वहिनी फळीपाशी गेल्या. हात न लावता त्यांनी एकेक बिल्ला पाहिला, मग नाक जवळ नेलं, मग दोन बोटांनी एकेक दोरी चाचपली. भाऊजींनीही मागून तेच केलं. बिल्ल्यांवर पांढरे नंबर होते. सातव्या खिळ्यावरच्या बिल्ल्यावर नव्हता, तिथे नुसतं लाकूड. दोऱ्या गार आणि ओलसर होत्या. सातव्याची दोरी पापडासारखी कडक होती आणि तिच्यावर मिठाचा पांढरा थर होता.

"हेडमास्तरांचा नंबर कोणता?"

"सात," जावई म्हणाला. "माझा आठ."

"फळी इथे कधी आणलीत, तांडेल?"

"धक्क्याला लागल्या लागल्या. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतो. आज अजून कुणी हात लावला नाही."

वहिनी जावयाकडे वळल्या. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुने लोक म्हणत. हा ग्रह मात्र सकाळपासून चांगलाच घाबरलेला दिसत होता.

"सासऱ्यांशी तुमचं भांडण झालं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही. आत आल्यापासून तुम्ही सासूबाईंकडे एकदाही पाहिलं नाहीत."

"मी एवढंच म्हटलं की आता गुडघा असा, घर विका, आमच्याकडे या राहायला. ते चिडले. म्हणाले, मला सामानासारखं हलवू नका. बेटावर उतरल्यावर आम्ही बोललोच नाही. मी पोहत होतो. परत निघताना सगळ्यांत आधी बोटीत चढलो, बिल्ला लावला आणि पुढच्या टोकाला जाऊन बसलो, पाठ करून."

"तुमच्याजवळ काय सामान होतं?"

"हे." गळ्यात प्लास्टिकची पिशवी होती, पाणी आत न जाणारी, त्यात मोबाइल. हाताएवढी मोठी. "बाकी काही नाही."

"आणि धक्क्यावर ते तुम्हाला पुढे जाताना दिसले."

"हो. पिवळी टोपी दिसली गर्दीत."

"तीच का?" वहिनींनी काउंटरखालच्या टोपलीकडे बोट दाखवलं. तीत पिवळ्याजर्द टोप्यांचा ढीग होता आणि वर पाटी होती: प्रत्येक प्रवाशाला एक.

जावयाचा चेहरा उतरला.

"जावईबापू," काकू म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं तोंड पाहिलंत की नाही?"

"नाही, आई." तो खाली बघत होता. "मला वाटलं, तेच असतील. रागावून पुढे गेले असतील. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा, मी पाहिलंच नाही असं कसं सांगायचं, म्हणून..."

"म्हणून दोन तास मला बाजारात फिरवलंत!"

भाऊजींनी वहिनींना कोपऱ्यात ओढलं. "हाच! घर विकायचंय, म्हातारा आडवा येतोय. बिल्ला त्या पिशवीत घालून आणला आणि गुपचूप लावला. चोराच्या मनात चांदणं, बघा कसा घामाघूम झालाय."

"दोरी कोरडी होती हे तुमच्या लक्षात आलं तर," वहिनी म्हणाल्या. "प्रगती आहे. पण अजून एक माणूस राहिलाय. बेटावर लोकांना फिरवतं कोण?"

फिरवणारी गाइड मागच्या अंगणात होती. विशी-बाविशीची मुलगी, उन्हाने रापलेली, केस घट्ट बांधलेले. होडग्यांवर पाइपने पाणी मारत होती. एका माणसाची होडगी रांगेत उलटी टाकून वाळत होती. दोन माणसांचं एक लांब होडगं मात्र सुलटं होतं, टोक समुद्राकडे. त्यात दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेटं आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. भाऊजींचा पाय त्याच्या दोरीत अडकला आणि ते पडता पडता वाचले.

"हेडमास्तरांना शेवटचं कधी पाहिलंस?" वहिनींनी विचारलं.

"बेटावर. म्हणजे... बोटीत. गर्दी होती." तिची नजर पाण्यावर होती.

"तू बोटीत कधी चढतेस?"

"सगळ्यांत शेवटी. काठ एकदा बघून घेते, कोणाचं काही राहिलंय का."

"तुझं सामान?"

तिने निळ्या प्लास्टिकच्या पिंपाकडे मान हलवली. छोटं, घट्ट झाकणाचं. "औषधं, बँडेज, दुर्बीण. डोक्यावर घेऊन पाण्यातून येते. आत थेंब जात नाही."

"ही नोकरी केव्हापासून?"

"आठ महिने. त्याआधी दोन वर्षं मागे लागले होते. या धक्क्यावर बाई गाइड कोणी घेत नाही." पाइपचं पाणी तिच्याच पायावर पडत होतं, पण तिला ते कळत नव्हतं.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. "चल आत. तुझं इथे काम नाही."

काउंटरभोवती सगळे उभे राहिले. वहिनींना मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. त्या दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत बोलू लागल्या.

"हेडमास्तर बेटावर आहेत. छातीठोक सांगते. तांडेल, किल्ल्या हातात घ्या, मी बोलता बोलता पटवते. भाऊजी, तुम्ही फोन उचला. चौकीला सांगा, माणूस समुद्रात आहे, बचाव बोट हवी."

"पण बिल्ला..." तांडेल म्हणाला.

"बिल्ला आला, माणूस आला नाही. बाकीच्या अकरा दोऱ्या अजून ओल्या आहेत, कारण त्या लोकांच्या गळ्यात घालून छातीभर पाण्यातून आल्या. सातव्याची दोरी कोरडी आणि वर मीठ. म्हणजे ती सकाळी भिजत बेटावर गेली, उन्हात वाळली आणि परत येताना तिला पाणी लागलंच नाही. गुडघ्याचा माणूस छातीभर पाण्यातून कोरडा येतो का? बिल्ला कुणीतरी दुसऱ्याने आणला, पाणी न लागेल अशा जागी ठेवून."

"तेच म्हटलं मी!" फोनवरून तोंड बाजूला करून भाऊजी जावयाकडे बघू लागले.

"अशा जागा दोन. जावईबापूंची पिशवी आणि गाइडचं पिंप. आता दुसरी गोष्ट. अकरा बिल्ल्यांचे नंबर समोर दिसतात. सातवा उलटा आहे."

"चुकून लागला असेल," तांडेल पुटपुटला.

"चुकून उलटा लागेल. पण जो चुकून उलटा लागला तोच चुकून कोरडाही आला? प्रवासी आपला नंबर समोर ठेवतो, कारण त्याला तो बघायचा असतो. जावईबापूंचा आठ बघा, नाकासमोर आहे. नंबर भिंतीकडे करून लावायची सवय फक्त तुम्हा लोकांच्या हाताला आहे. सव्वादोनला माझ्यासमोर भाऊजींचे बिल्ले तुम्ही तसेच लावलेत, न बघता. मालकांच्या झापण्याचा एवढा तरी उपयोग झाला."

तांडेलाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे मला असा माणूस हवा, ज्याचा हात तुमच्यातला आहे आणि जो बेटावरून काही कोरडं घेऊन आला. जावयाजवळ पिशवी आहे, पण हाताला सवय नाही. तांडेलाचा हात आहे, पण ते बोटीतून हललेच नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसापाशी आहेत. आणि तिसरी गोष्ट आमच्या भाऊजींच्या पायात आली. लाल बावट्यात दोन माणसांचं होडगं समुद्राकडे तोंड करून तयार आहे. दोन जॅकेटं, दोन बाटल्या. जाताना एक, येताना दोन." वहिनी थांबल्या. आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, त्या होडग्यातून तू तिथवर पोचली नसतीस. दोघंही गेला असतात."

गाइड भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली.

"ते म्हणाले, मला दुपारच्या फेरीपर्यंत इथे एकट्याला बसू दे," ती म्हणाली. "म्हणाले, बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची हजेरी घेतली. एकदा मला गैरहजर राहायचंय. घरी सगळे माझं काय करायचं ते ठरवतायत, मला जरा विचार करू दे. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तीनच्या फेरीला त्यांना उचलणारच होते. फळी भरल्याशिवाय तांडेल सुटणार नाही, म्हणून त्यांनीच बिल्ला काढून दिला. मी पिंपात टाकला. आणि मग बावटा लागला."

"साडेबारापासून तू गप्प?" तांडेल गरजला.

"वाटलं, वारा पडेल. मग काकू आल्या, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, माझ्या बोटीतला माणूस कोणी मागे ठेवला तर त्याला मीच पोलिसात देईन. माझी जीभच उचलेना. परत सगळे म्हणणार, बाईला ठेवलं की हे असं."

"बाई-पुरुष काय घेऊन बसलीस! माणूस मरतोय तिथे!" तांडेल म्हणाला, पण तोवर किल्ल्या त्याच्या हातात होत्या आणि तो दारात होता. काकूंनी सातव्या खिळ्यावरचा बिल्ला उचलला, गळ्यात घातला आणि कोणाला न विचारता त्याच्या मागे चालू लागल्या.

"काकू, तुम्हाला बोट लागते," भाऊजी म्हणाले.

"लागू दे."

पाऊणशे हात जाताच बोट लाटांवर उडू लागली. काकू एका हाताने कठडा धरून ओकत होत्या आणि दुसऱ्या हाताने बिल्ला. जावई त्यांच्या पाठीला आधार देऊन बसला होता. वहिनी बसल्याच नाहीत. भाऊजी डोळे मिटून मनातल्या मनात आकडे म्हणत होते, कुठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पावणेचारला बेट समोर आलं; बचाव बोट अजून वाटेतच होती.

सकाळची वाळू नव्हती. खालचे खडकही नव्हते. होतं ते नुसतं फेसाळ पाणी, आणि वर काळा उभा कडा.

"त्यांना कड्याच्या कपारीत सावलीला बसा म्हटलं होतं," पुढच्या टोकाला उभी असलेली गाइड ओरडली. "पण ती इथून दिसत नाही."

तांडेलाने भोंगा वाजवला. उत्तर नाही. जावई दोन्ही हात तोंडाशी धरून "बाबा!" म्हणून ओरडला. पुन्हा ओरडला. वारा ते शब्द उलटे त्याच्याच तोंडात कोंबत होता.

काकू उठल्या. पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि छातीवरचा बिल्ला हातात धरून, लग्नानंतर कदाचित पहिल्यांदाच, नवऱ्यावर पूर्ण आवाज चढवला.

"नंबर सात!"

लाट आपटली.

"नंबर सात! हजर आहे की नाही?"

मग कड्याच्या डाव्या अंगाने, पाण्यापासून हातभर उंचीवर, एक पिवळी टोपी हलली. आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा, पण फाटलेला आवाज आला.

"हजर!"

काकू मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या.

बोट त्याहून जवळ जाणं शक्य नव्हतं. गाइडने कमरेला दोर बांधला. "वाट मला माहीत आहे," ती म्हणाली आणि तांडेल नको म्हणेपर्यंत पाण्यात होती. दोराचं दुसरं टोक जावयाने मनगटाला गुंडाळून धरलं. हेडमास्तरांना जॅकेट चढवून, पाण्यातून ओढून बोटीत घेईपर्यंत वीस मिनिटं गेली आणि जावयाच्या मनगटाची सालं निघाली. हेडमास्तरांनी ते मनगट हातात घेतलं आणि धक्का येईपर्यंत सोडलं नाही.

पण धक्का यायला वेळ होता, कारण तांडेल बोट वळवेना.

"फळी," तो म्हणाला.

फळी त्याने घाईतही बरोबर घेतली होती. इतकी वर्षं ती नसताना त्याने बोट सोडलीच नव्हती. काकूंनी गळ्यातला बिल्ला काढून नवऱ्याच्या हातात दिला. हेडमास्तरांचा दोनदा खिळा चुकला, तिसऱ्यांदा बिल्ला अडकला. नंबर समोर.

तांडेलाने फळीकडे पाहिलं. मग इंजिन सोडून तो मागे आला आणि एकेकाच्या समोर उभा राहून त्याने बोट दाखवत माणसं मोजली. हेडमास्तर, काकू, जावई, वहिनी, भाऊजी. शेवटी तो गाइडपाशी आला. ती कोपऱ्यात गुडघे छातीशी धरून कुडकुडत होती आणि त्याच्याकडे बघायची हिंमत तिच्यात नव्हती.

"उद्या मालकांना तू स्वतः सांगायचंस, सगळं," तो म्हणाला. "मी शेजारी उभा राहीन. तोंडं मी मोजली नाहीत, ते मी सांगीन."

मग त्याने स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला. "सहा," तो म्हणाला, आणि बोट वळवली.